चाक फिरलं पाहिजे, बॉस!

जानेवारीतली शनिवारची सकाळ. बाहेर पांढराशुभ्र बर्फ, हातात वाफाळता चहा आणि न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या घराच्या बेसमेंटमध्ये माझा आतेभाऊ डोळ्याला भिंग लावून चक्क एक खिळा बघत बसलेला.

‘‘काय दादा, फोटो टांगतोयस?’’

‘‘फोटो कसला गं! हा ॲक्सल आहे. तू जरा उजेडातून बाजूला हो.’’

आयटीतला माणूस, पगार डॉलरमध्ये, आणि वीकएंडला खिळे तपासतोय! पण अमेरिकेत ज्याच्या घरी सात-आठ वर्षांचं पोर स्काउटिंगला जातं, त्या घरात हिवाळ्यात हे दृश्य अगदी कॉमन आहे. कारण सीझन असतो पाइनवुड डर्बीचा.

फंडा सोपा आहे. कब स्काउट म्हणजे शाळकरी छोट्या स्काउट्सना एक खोका मिळतो. त्यात सात इंच लांब पाइनचा ठोकळा, प्लास्टिकची चार चाकं आणि ॲक्सल म्हणून चार खिळे. इंजिन नाही, बॅटरी नाही, रिमोट नाही. ठोकळा हवा तसा कापायचा, रंगवायचा, चाकं ठोकायची आणि उतारावरून सोडून द्यायची. वजन पाच औंसांच्या वर, म्हणजे साधारण १४२ ग्रॅमच्या वर गेलं की गाडी बाद. १९५३ साली कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीचमध्ये डॉन मर्फी नावाच्या कबमास्टरनं हे सुरू केलं. मुलांनी स्वतः बसून हाकायच्या सोपबॉक्स गाड्यांच्या शर्यतीला त्याचा मुलगा वयानं लहान पडत होता, म्हणून बापानं छोटी गाडी शोधून काढली. १९५४ च्या ऑक्टोबरमध्ये ‘बॉइज लाइफ’ मासिकानं तिचे प्लॅन छापले आणि खेळ देशभर पसरला. २०१८ पासून कब स्काउट्समध्ये मुलीही आहेत, त्यामुळे आता आईबाबा दोघांचीही झोप उडालेली असते.

दादाची झोप उडायला वेगळं कारण होतं. आदल्या वर्षी त्यानं रात्री जागून स्वतः गाडी बनवली. फेरारीलाल रंग, तीन कोट, वर लॅकर. शोरूममध्ये ठेवावी अशी. चाकं मात्र शेवटच्या रात्री बारा वाजता ठोकली, जशी खोक्यात आली तशी. गाडी प्रत्येक हीटमध्ये शेवटची आली. ते एक वेळ चाललं असतं. पण कारमधून घरी येताना मागच्या सीटवरून पोरगं शांतपणे म्हणालं, ‘‘बाबा, तुझी गाडी हरली.’’

‘तुझी’! वहिनी म्हणाली, त्या एका शब्दानं दादाचा आठवडा खराब केला. यंदा तिनं घरात कायदाच केला होता. बाबानं फक्त करवत आणि ड्रिल चालवायचं, बाकी सगळं पोरगं करणार.

एकाच खोक्यातले चार नमुने

आता तुम्ही म्हणाल, चाकात करायचं काय? चार चाकं आहेत, लावा आणि मोकळे व्हा. मलाही तसंच वाटलं होतं. मग पुतण्यानं मला गणित समजावलं. (त्याचं वय आठ, माझी डिग्री मास कम्युनिकेशनची. असो.) ट्रॅक बऱ्याच ठिकाणी ४२ फुटांचा असतो, गाडी सुटते साधारण चार फुटांवरून आणि तीनेक सेकंदांत खेळ खल्लास. तेवढ्यात तीन सेंटिमीटर व्यासाचं हे चाक १३५ च्या आसपास फेऱ्या मारतं. शेवटी गाडी सेकंदाला चार-पाच मीटर धावत असते, म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग गेला की गाडी चार-पाच सेंटिमीटर मागं. चाक प्रत्येक फेरीत नखभर जरी अडखळलं, तरी ते अडखळणं १३५ वेळा होतं. रंगाचे तीन कोट तिथं काय करणार?

आणि खोक्यातली चारही चाकं सारखी नसतातच. ही चाकं साच्यात प्लास्टिक ओतून बनतात आणि एका साच्यात एकदम बऱ्याच चाकांचे खळगे असतात. चाकाच्या आतल्या बाजूला डोळे ताणून बघितलं तर खळग्याचा बारीक नंबर दिसतो. जाणकार मंडळी जास्तीची चाकं विकत आणतात आणि एकाच नंबरची चार जमवतात, म्हणजे निदान चौघांचे गुणदोष तरी एकाच घराण्यातले! पुतण्यानं डायनिंग टेबलावर सोळा चाकं पसरून नंबरांनुसार ढीग लावले होते. पत्ते लावावेत तसे.

नंबर जुळले तरी परीक्षा संपत नाही. पहिली टेस्ट काचेवर. चाक आडवं ठेवायचं आणि कडेवर हलकंच बोट दाबायचं. टकटक हललं तर कड सपाट नाही. दुसरी टेस्ट जास्त महत्त्वाची. गुळगुळीत खिळ्यावर चाक फिरवायचं आणि पेनाचं टोक त्याच्या धावेजवळ, अगदी केसभर अंतरावर, स्थिर धरायचं. फट कमीजास्त होत राहिली तर चाक ‘आउट’ आहे. आपला सायकलवाला रिम आउट आहे म्हणतो ना, तेच. फक्त इथं आवळायला स्पोक नसतात, चाक सरळ बाजूला टाकायचं. भोक बरोबर मधोमध नसलेलं चाक कितीही पॉलिश केलं तरी सुधारत नाही. पुतण्याच्या सोळांपैकी सात इथंच गळली.

तिसरी गोष्ट वजन. खोक्यातलं चाक अडीच ग्रॅमच्या आसपास असतं. उतारावरून जी काही ताकद मिळते, ती गाडी पुढं न्यायलाही लागते आणि चाक गरगर फिरवायलाही. चाक कडेला जितकं जड, तितकी फिरवण्यात जास्त खर्च होते. म्हणून आतून कोरून निम्म्याहून हलकी केलेली चाकं ऑनलाइन मिळतात. किंमत मूळ खोक्यापेक्षा कितीतरी जास्त. पण बऱ्याच ठिकाणी ती नियमात बसत नाहीत, आणि प्रत्येक पॅकचे नियम वेगळे, त्यामुळे आधी कागद वाचायचा. दादाच्या पॅकमध्ये बंदी होती, तरी एका रात्री तो त्या पेजवर बराच वेळ रेंगाळलेला वहिनीनं पाहिला. बेअरिंगही चालत नाही. लहानपणी पुण्यात बेअरिंगचा गाडा करून वाड्यासमोरचा उतार गाजवलेल्या माणसाला हे जरा लागतंच.

हात काळे करा

निवडून झालं की घासणं. चाकाच्या धावेवर साच्याची बारीक रेघ किंवा टोक राहिलेलं असतं, ते बारीक पॉलिश पेपर ओला करून हलक्या हातानं काढायचं. इथं हात आवरावा लागतो. जास्त घासलं तर चाकाचा आकार बदलतो आणि चेकिंगच्या टेबलावर गाडी अडकते. भोकाच्या आत प्लास्टिकचं पॉलिश लावलेला पाइपक्लीनर मागंपुढं फिरवायचा, मग धुवायचं, पूर्ण वाळवायचं. पुतण्यानं टीव्ही बघत बघत चारही चाकं केली. त्याच्या वयाला हे काम फिट बसतं. ताकद लागत नाही, पेशन्स लागतो, आणि कार्टून चालू असेल तर तोही लागत नाही.

पण खरा व्हिलन खिळा. त्याच्या डोक्याखाली आणि दांड्यावर कारखान्यातल्या पकडीच्या खुणा आणि धातूची बारीक कुसळं असतात, आणि चाक नेमकं तिथंच घासतं. दादानं ड्रिलमध्ये खिळा पकडला (अधिकृत परवानगीनं), कानशीनं कुसळं काढली. मग पुतण्यानं गॉगल लावून ४०० नंबरचा पॉलिश पेपर, नंतर ६००, मग १०००, मग २०००. प्रत्येक वेळी पाण्यात बुडवून. शेवटी खिळ्यात ट्यूबलाइट दिसायला लागली. तेव्हा दादा जो हसला ना, तसा तो प्रमोशनलाही हसला नव्हता म्हणे.

मग ग्रॅफाइट. शिसपेन्सिलीतलाच प्रकार, पण पिठासारखा. भोकात टाकायचा, चाक फिरवायचं, परत टाकायचा, परत फिरवायचं. त्यात तेल मिसळायचं नाही, नाहीतर चिखल होतो. पाच मिनिटांत हात काळे, टेबल काळं, वहिनीचा फ्रिजचा हँडल काळा. आधी चाक टिचकीला मोजून नऊ सेकंद फिरायचं. आता? पुतण्या मोजत राहिला... सव्वीस! त्यानं ते अख्ख्या घराला तीनदा करून दाखवलं.

बसवताना चाक आणि लाकूड यांच्यात क्रेडिट कार्डाएवढी फट ठेवली. पुढचं एक चाक किंचित वर उचललं, त्यामुळे गाडी तिनावरच धावते आणि चौथं फिरवण्याचा खर्च वाचतो. हे त्यांच्या नियमात बसत होतं. मागचे खिळे वाकवून चाकं तिरकी लावणारी मंडळीही आहेत, पण ती वेगळी लीग आहे आणि तिथं बहुतेक बापच बापांशी खेळतात. २००५ मध्ये यावर ‘डाउन अँड डर्बी’ नावाचा सिनेमाही निघाला होता.

शर्यतीच्या दिवशी शाळेचा जिम खचाखच. पुतण्याची गाडी एकाही बाजूनं देखणी नव्हती. निळा रंग ओघळलेला, एका कडेला त्याच्या अंगठ्याचा ठसा वाळून पक्का झालेला. पहिल्या हीटला दुसरी, मग पहिली, मग परत दुसरी. एकूण तिसरा नंबर. फायनल हुकली ती सेकंदाच्या दोन शतांशांनी. ट्रॉफी नाही, फक्त रिबिन. दादा लगेच सुरू झाला, ‘‘डावं मागचं चाक जरा...’’

पोरगं ऐकतच नव्हतं. शेजारच्या मुलीची गाडी उलटी करून ते तिच्या चाकाच्या आतला नंबर वाचत होतं.