एकाच पियानोत दोन वाद्यं

बंगळुरूच्या के. आर. पुरममध्ये, रेल्वे स्टेशनजवळ माझी भाची राहते. बाहेर इंजिनांचे भोंगे चालू असतात आणि घरात हिचा डिजिटल पियानो! परवा तिने डाव्या हाताने एक पट्टी दाबली, तर डबल बासचा घुमणारा खर्ज आला. उजव्या हाताने दाबली, तर खणखणीत पियानो. वाद्य एकच, पट्ट्यांची रांगही एकच. मग हे घडतं कसं?

अहो, डिजिटल पियानोत तारा नसतातच! पट्टी स्वतः वाजत नाही, ती आतल्या संगणकाला फक्त एक आकडा कळवते. अगदी डावीकडच्या पट्टीचा आकडा 21, अगदी उजवीकडच्या पट्टीचा 108. मोजा बरं, बरोबर 88 पट्ट्या होतात. मधल्या सप्तकातली पांढरी एक म्हणजे 60. आकड्यांची ही पद्धत 1983 साली आली, तिचं नाव मिडी. पट्टी किती जोरात दाबली हेही कळतं बरं का! खाली दोन संवेदक असतात. पट्टी पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत जितक्या झटकन पोचेल, तितका आवाज मोठा.

आता दोन वाद्यांचं गुपित. पत्रावरचा पिन कोड आठवा. के. आर. पुरमचा 560036. पहिला आकडा 5 दिसला की पत्र एका थैलीत, महाराष्ट्राचा 4 दिसला की दुसऱ्या. (ही पिन कोडची युक्ती श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाची, 1972 सालची!) पियानोतला संगणकही तेच करतो. समजा, सीमा 54 वर, म्हणजे मधल्या सप्तकाच्या खालच्या काळी तीनवर ठेवली. आकडा 54 किंवा कमी असेल तर बास, 55 पासून पुढे पियानो. यालाच 'स्प्लिट' म्हणतात.

ही कल्पना मात्र घरोघरी वीज येण्याच्या आधीची आहे, आणि मला तिचं फार कौतुक वाटतं. 1842 साली पॅरिसमध्ये अलेक्सांद्र दबँ यांनी हार्मोनियमचं पेटंट घेतलं. पायाने भाता मारायच्या त्या फ्रेंच हार्मोनियमला डाव्या आणि उजव्या बाजूचे स्टॉपर वेगळे असत. पांढरी तीन आणि पांढरी चार यांच्यामध्ये सीमा. डावीकडे गंभीर आवाज, उजवीकडे बासरीसारखा, दोन्ही एकाच वेळी! आपल्या संगीत नाटकांतल्या पायपेट्या आणि ऑर्गन याच घराण्यातले. फक्त त्यांची सीमा लाकडात पक्की बसवलेली, ती हलणार कशी?

पियानोतली सीमा म्हणजे नुसता आकडा, म्हणून ती हलते. स्वरसुद्धा हलतो! आकड्यातून 12 वजा केले की तोच स्वर एक सप्तक खाली जातो. भाचीने 40 ची पट्टी दाबली, पियानोने 12 वजा केले, आले 28. डबल बासच्या सगळ्यात जाड तारेचा हाच स्वर, सेकंदाला सुमारे 41 कंपनं.

तुमच्याकडे असा पियानो असेल तर एक चाल उजव्या हाताने वाजवत हळूहळू खाली उतरा. सीमा ओलांडली की चालीच्या मधेच बास बोलायला लागेल. मग सीमा दोन-तीन पट्ट्या डावीकडे सरकवा. बऱ्याच पियानोंवर स्प्लिटचं बटण दाबून धरायचं आणि हवी ती पट्टी दाबायची, एवढंच.