एसी/डीसी : एका घराण्याचा रॉक बँड

आपल्या मंडळाच्या या सदरात आजवर नाट्यसंगीत, अभंग आणि ख्यालगायकीवर पुष्कळ लिहून झाले. हार्ड रॉक हा प्रकार मात्र 'नुसता गोंगाट' म्हणून बाजूला राहिला. आमच्यापैकी काही जण तो वर्षानुवर्षे आवडीने ऐकत आलो आहोत, म्हणून आज एसी/डीसी या बँडची ओळख करून देत आहोत.

हा बँड ऑस्ट्रेलियाचा, पण त्यामागचे यंग कुटुंब मूळचे स्कॉटलंडमधील ग्लासगोचे. १९६३ साली हे कुटुंब सिडनीला स्थलांतरित झाले, तेव्हा माल्कम दहा वर्षांचा होता आणि धाकटा अँगस आठ वर्षांचा. थोरला भाऊ जॉर्ज 'ईझीबीट्स' या बँडमधून नावारूपाला आला. पुढे धाकट्या भावांचे सुरुवातीचे अल्बम त्यानेच हॅरी वांडा या सहकाऱ्याबरोबर तयार केले. 'एसी/डीसी' ही अक्षरे विजेच्या उपकरणावर पाहून बहीण मार्गारेटने ते नाव सुचवले. अँगसने शाळेचा गणवेश घालून रंगमंचावर यावे, ही कल्पनाही तिचीच. बँडचा पहिला कार्यक्रम ३१ डिसेंबर १९७३ रोजी सिडनीत झाला.

गणवेशातला अँगस सगळ्यांच्या नजरेत भरतो, पण बँडचा कणा होता माल्कम. अँगस लीड गिटार वाजवी, म्हणजे स्वरांची फिरत त्याच्याकडे. माल्कमकडे रिदम गिटार, म्हणजे ठेका आणि लय. तबलजीने ठेका घट्ट धरला तरच गायक मोकळेपणाने तान घेऊ शकतो, तसेच हे नाते. दोन आघातांच्या मध्ये माल्कम जागा मोकळी सोडतो. त्या क्षणभराच्या शांततेमुळेच पुढचा आघात जोरदार वाटतो. 'बॅक इन ब्लॅक' गाण्याची सुरुवात ऐकली की हे लगेच लक्षात येते.

१९७४ मध्ये बॉन स्कॉट हा गायक बँडमध्ये आला. तोही स्कॉटलंडमध्ये जन्मून लहानपणी ऑस्ट्रेलियात आलेला. १९७९ च्या 'हायवे टु हेल'ने बँडला अमेरिकेत मोठे यश दिले आणि लगेच पुढच्या वर्षी, १९ फेब्रुवारी १९८० रोजी, लंडनमध्ये अति मद्यपानानंतर बॉनचा मृत्यू झाला. तो अवघा ३३ वर्षांचा होता. बँड बंद करण्याचा विचार पुढे आला, पण बॉनच्या घरच्यांनीच काम चालू ठेवा असे सांगितले. इंग्लंडच्या ब्रायन जॉन्सनला गायक म्हणून घेतले गेले. 'बॅक इन ब्लॅक' हा अल्बम बहामा बेटांवर ध्वनिमुद्रित होऊन त्याच जुलैत बाजारात आला. दुखवटा म्हणून त्याचे वेष्टन काळे ठेवले होते आणि पहिले गाणे घंटेच्या टोलांनी सुरू होते. जगात सर्वाधिक खपलेल्या अल्बममध्ये आज त्याची गणना होते.

दुसरा आघात अधिक सावकाश आला. माल्कमला स्मृतिभ्रंश जडला. स्वतःच रचलेल्या, शेकडो वेळा वाजवलेल्या चाली त्याला कार्यक्रमापूर्वी पुन्हा शिकाव्या लागत. तरीही २००८ ते २०१० चा जगदौरा त्याने पूर्ण केला. २०१४ मध्ये तो बँडमधून बाहेर पडला आणि त्याच्या जागी पुतण्या स्टीव्ही यंग आला. १८ नोव्हेंबर २०१७ रोजी माल्कमचे निधन झाले. २०२० मध्ये 'पॉवर अप' हा अल्बम आला, तेव्हा त्यातल्या सर्व गाण्यांचे रचनाकार म्हणून अँगसबरोबर माल्कमचे नाव होते, कारण ती गाणी दोघांनी पूर्वी जमवून ठेवलेल्या कल्पनांवर बेतलेली होती.

उस्ताद फैयाज खाँ यांच्या बडोद्यात घराणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. एकाच शैलीला आयुष्यभर धरून राहिल्याबद्दल एसी/डीसीवर 'सगळी गाणी सारखीच' अशी टीका होते. आम्हाला मात्र त्यात घराण्याची शिस्त दिसते. गायक बदलला, ठेका धरणारा हात बदलला, तरी चाल ओळखू येते.

ज्यांनी हे संगीत कधीच ऐकलेले नाही, त्यांनी 'बॅक इन ब्लॅक'पासून सुरुवात करावी. आवाज बेताचा ठेवावा आणि आधी अँगसकडे नव्हे, माल्कमच्या गिटारकडे कान द्यावा. घरातल्या मुलानातवंडांशी बोलायला एक नवा विषयही मिळेल.