बंद पडला म्हणजे निकामी झाला असे नव्हे!

जुना कॉम्प्युटर बटण दाबूनही सुरू झाला नाही की पहिला विचार येतो तो खर्चाचा. आमचेही तसेच झाले. एका कचेरीने निकालात काढलेला संच आम्ही घेतला होता. थोरली त्यावर टायपिंगची कामे करून घराला हातभार लावते. ऐन पावसाळ्यात पंखा फिरे, पण पडदा काळाच! दुकानदार म्हणाला, "मदरबोर्ड गेला, नवा घ्या." पैसे कुठून आणणार? शिवाय थोरलीचे अर्धे काम आतच अडकलेले. मग आम्ही मायलेकींनी धीराने एकेक गोष्ट तपासली.

दिवा लागत नाही, पंखाही फिरत नाही, तर आधी त्याच सॉकेटात दुसरे काही लावून वीज येते का पाहावे. वायर घट्ट आहे का, मागचा छोटा स्विच चालू आहे का, तेही पाहावे. एवढे करूनही हालचाल नसेल तर वीज पुरवणारा डबा, म्हणजे एसएमपीएस, जाणकाराकडून तपासून घ्यावा. तो स्वतः मुळीच उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यात धक्का बसण्याइतकी वीज साठून राहते.

पंखा फिरतो पण पडदा काळा, तर मॉनिटरची वायर पाहावी. नंतर प्लग काढून हात केबिनेटच्या लोखंडाला लावावा आणि रॅमची पट्टी काढावी. ओलाव्याने तिच्या सोनेरी कडेवर मळ धरतो. पेन्सिलच्या खोडरबराने ती कड हलकेच पुसावी, कण झटकावेत आणि खट्‌ आवाज होईपर्यंत पट्टी पुन्हा बसवावी. आमचा पडदा याच उपायाने उजळला!

पडदा उजळला पण तारीख जुनीच दिसते, तर सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा गोल सेल बदलावा. '+' खूण वर ठेवावी, मग तारीख-वेळ लावावी. हार्ड डिस्क सापडत नाही असे म्हटले, तर तिच्या दोन्ही वायरी काढून पुन्हा घट्ट बसवाव्यात.

आणि मदरबोर्ड खरोखरच गेला असला, तरी घाबरू नये. आपले काम हार्ड डिस्कमध्ये असते. ती शाबूत असेल तर दुसऱ्या संचाला जोडून ते बाहेर काढता येते. म्हणून संच भंगारात देण्यापूर्वी ती काढून घ्यायला विसरू नका.

थोरलीचे काम वेळेवर पोचले. आता ती रोज रात्री त्याची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवते.