पडद्यावरची जादा रोहिणी

डोळ्यात थेंब घालून बाहुली मोठी केली की तपासणाऱ्याला डोळ्याच्या मागच्या पडद्यावर एक फिकट गुलाबी चकती दिसते, जेमतेम दीड मिलिमीटर रुंदीची. दृष्टीची नस इथूनच मेंदूकडे निघते आणि पडद्याची मुख्य रोहिणी इथूनच वर येऊन फांद्या पसरते. पण कित्येक डोळ्यांत चकतीच्या कानाकडच्या कडेतून आणखी एक बारीक रोहिणी काठीच्या मुठीसारखी वळून बाहेर पडते. तिला रक्त मिळते ते पडद्यामागच्या थराला पोसणाऱ्या वाहिन्यांकडून. या सिलिओरेटिनल रोहिणीचा मुख्य रोहिणीशी काही संबंध नसतो. फ्लोरेसीन हा रंग हाताच्या शिरेत टोचून फोटो काढले की ती मुख्य रोहिणीच्या क्षणभर आधीच उजळते. साधारण दर ३ डोळ्यांमागे एकात ती सापडते, म्हणून तिला दोष म्हणणे मला पटत नाही. वाहिन्यांची नक्षी माणसागणिक निराळी असते आणि तिच्यावरून ओळख पटवता येईल, हे न्यू यॉर्कच्या सायमन आणि गोल्डस्टीन यांनी १९३५ मध्येच मांडले होते.

मुख्य रोहिणी गुठळीने अचानक बंद पडली, तर पडदा दुधाळ पांढरा पडतो आणि नजर न दुखता जाते. अशा वेळी ही जादा रोहिणी मधल्या भागापर्यंत पोचत असेल, तर पांढऱ्या पडद्यावर चकतीलगत जिभेच्या आकाराचा नारिंगी पट्टा जिवंत राहतो, आणि माणसाला समोरचे वाचता येते. मात्र तिच्या भरवशावर राहता येत नाही. पुष्कळदा ती मध्यापर्यंत पोचत नाही, आणि कधी नेमकी तीच तुंबते.

ही रोहिणी दोष नसेल, तर मग वेगळ्या वाहिन्यांकडे दुर्लक्षच करावे का? तसे अजिबात नाही, कारण चकतीवरची प्रत्येक वेगळी वाहिनी जन्मजात नसते. नसेवरच्या आवरणात गाठ वाढली किंवा मुख्य नीला तुंबली, की रक्त आडवाटेने वळते आणि एरवी न दिसणारे जोड फुगून चकतीवर वेटोळी दिसू लागतात. मधुमेहात उगवणाऱ्या नव्या वाहिन्या तर इतक्या नाजूक असतात की फुटून डोळ्यातल्या जेलमध्ये रक्त सांडते. अनुभवी डॉक्टरांना हा फरक नुसत्या नजरेने कळतो, असे कोणी म्हणेल. नव्या वाहिन्यांच्या बाबतीत ते बरेचसे खरे आहे, शिवाय त्यांतून फ्लोरेसीनचा रंग झिरपतो. पण काही डोळ्यांत जन्मापासूनच असणारे वेटोळे आणि आडवाटेचे वेटोळे या दोन्हींतून रंग सहसा झिरपत नाही, त्यामुळे फसगत होऊ शकते. तिथे खरा प्रश्न असतो तो वाहिनी केव्हापासून आहे हा, आणि त्याचे उत्तर एका तपासणीत मिळेलच असे नाही. म्हणून पडद्याचा फोटो निघाला की त्याची प्रत तारखेसह मागून घ्यावी आणि चष्म्याच्या नंबराच्या कागदासोबत जपून ठेवावी. १० वर्षांपूर्वीच्या फोटोत तेच वेटोळे तसेच दिसले, तर पुढच्या कितीतरी तपासण्या आणि काळजीच्या रात्री टळतात. तेव्हा ते नव्हते असे दिसले, तर डोळ्यामागच्या नसेचा एमआरआय लांबणीवर टाकू नये.