वाळूतल्या द्राक्षवेली आणि आपली जमीन



ऊस विकास खात्याच्या पानावर द्राक्षाची गोष्ट कशाला, असे आपणास वाटेल. त्यातून ही द्राक्षे वाइनची! दारूचा प्रचार करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. पण या गोष्टीत शेतकरी आहे, कीड आहे, सहकारी संस्था आहे आणि जमीनही आहे. म्हणून सांगत आहोत.

ज्या पोर्तुगीजांनी १९६१ पर्यंत गोव्यावर राज्य केले, त्यांच्या देशात लिस्बन राजधानीच्या पश्चिमेला, समुद्रकाठी कोलारेश नावाचा गाव आहे. तिथे 'रामिस्को' या काळ्या द्राक्षाची तांबडी वाइन होते. कोरी असताना ती भारी तुरट. वर्षानुवर्षे मुरली म्हणजे मग गोडीला येते. १९०८ साली सरकारने या वाइनच्या मुलखाची हद्द कायद्याने ठरवून दिली.

१८६० नंतर युरोपात फायलोक्झेरा ही कीड अमेरिकेतून आली. आपल्या माव्याच्या जातकुळीतली, पण मुळांवर जगणारी. तिने बागाच्या बागा वाळवल्या. शेवटी अमेरिकन द्राक्षाच्या खुंटावर कलम करणे हाच उपाय ठरला. कोलारेशच्या वेली मात्र वाचल्या, कारण त्या खोल वाळूत होत्या आणि वाळूत ही कीड तग धरत नाही. आजही तिथल्या वेली कलमाविना, स्वतःच्या मुळावर उभ्या आहेत.

पण वाळूतली लागण म्हणजे खेळ नव्हे. वाळूखाली चिकणमाती लागेपर्यंत चर खणायचा, कुठे कुठे दोन-दोन पुरुष खोल, आणि वेल त्या मातीत लावायची. खणणारा गडी डोक्यावर टोपली घाली. वाळू ढासळलीच तर श्वास घेण्यापुरती जागा राहावी म्हणून! खाऱ्या वाऱ्याला आडोसा म्हणून बोरूचे कूड आणि दगडी बांध घालतात. वेल जमिनीसरपट वाढते. घड तापल्या वाळूला टेकू नयेत म्हणून त्यांना काठ्यांचे टेकू देतात. एवढे करून उत्पन्न थोडेच.

१९३१ साली तिथल्या बागाइतदारांनी सहकारी संस्था काढली. सभासदांची द्राक्षे एकत्र घ्यायची, एकत्र वाइन करायची आणि लाकडी पिंपांत मुरवायची. ही संस्था आजही चालू आहे.

आता कळीचा मुद्दा. एके काळी तिथे हजार हेक्टरांहून अधिक बागा होत्या, आज वाळूतल्या बागा पन्नास हेक्टरही भरत नाहीत. कीड जिथे हरली, तिथे प्लॉट जिंकले! राजधानी जवळ, समुद्र जवळ, जमिनीला भाव आला आणि बंगले उठले. अलीकडे थोड्या नव्या लागणी झाल्या आहेत, पण ज्या वाळूवर घर बसले तिथे पुन्हा वेल कशी येणार?

आपण २००२ साली लोकरी मावा पाहिला. एकट्याच्या फवारणीने भागले नाही. डिफा, मायक्रोमस हे मित्रकीटक वाढवून गावोगाव सोडले, तेव्हा कीड आटोक्यात आली. किडीशी लढता येते, असा आपला अनुभव आहे.

परवा ऊसनोंद घेताना रस्त्याकडेचे एक सभासद म्हणाले, "साहेब, नोंद कशाला घेताय? औंदा प्लॉट पाडायचं चाललंय." आमच्याजवळ तयार उत्तर नव्हते. कर्ज, लग्नकार्य, पाण्याची ओढ ही दुखणी खरी आहेत. आम्ही कुणाला दोष देत नाही. फक्त एवढेच म्हणतो की, पैसा किती वर्षे पुरेल आणि रान किती पिढ्या पुरले असते, याचा हिशेब घरातल्या सगळ्यांनी, बायामाणसांनीसुद्धा, एकत्र बसून करावा. सही त्यानंतर.

जाता जाता एक खुलासा. जुन्या वेलीचे कौतुक ऐकून कुणी जुना खोडवा राखू नये! वेलीचे शास्त्र वेगळे, उसाचे वेगळे. खोडव्याचा उतारा घसरला की तो मोडा, जमिनीला बेवड द्या आणि नवी लागण बेणेमळ्यातल्या शुद्ध बेण्यानेच करा. जुने राखायचे ते रान, पीक नव्हे.

— ऊस विकास अधिकारी