वनौषधींचा संगणकीय नकाशा : काय दाखवावे, काय झाकावे

द्रव्याचे गुण देशानुसार बदलतात, हे वैद्यास नव्याने सांगावयास नको. चरकाचार्यांनी कल्पस्थानात जांगल, आनूप व साधारण असे त्रिविध देश वर्णिले आहेत. आमच्या सांगली जिल्ह्यातच पश्चिमेस चांदोलीचे पर्जन्यबहुल अरण्य, मध्ये कृष्णाकाठची काळी जमीन व पूर्वेस आटपाडी-जतचा कोरडा माळ आहे. ही विविधता वैद्यांना एकत्र पाहता यावी, या हेतूने आष्टा येथे आम्ही वनौषधींचा आंतरजालीय नकाशा करावयास घेतला.

अशा नकाशाचे चित्र बहुधा २५६ बिंदू लांबी-रुंदीच्या चौकोनी तुकड्यांचे असते. एक पायरी जवळ गेल्यास एका तुकड्याच्या जागी चार येतात. आधारासाठी २००४ साली सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप हा मुक्त नकाशा उपयोगी पडतो. त्यावर मृदा, पर्जन्य व वनस्पती यांचे स्वतंत्र थर ठेवता येतात. वैद्याने ऋतू व प्रयोज्यांग निवडले की तेवढ्याच खुणा दिसाव्यात, अशी आम्ही योजना केली.

पहिली अडचण नावांची आली. पुनर्नवा म्हणून बोअरहाविया व ट्रायन्थेमा या दोन भिन्न वनस्पती व्यवहारात येतात. म्हणून प्रत्येक खुणेचा आधार वनस्पतिशास्त्रीय नाव ठेवून संस्कृत व मराठी नावे त्यास जोडली.

दुसरी अडचण अधिक गंभीर होती. नरक्याच्या खुणा आम्ही प्रथम अचूक जागी ठेवल्या होत्या. या वृक्षातील कॅम्प्टोथेसिनपासून टोपोटेकान व इरिनोटेकान ही कर्करोगावरील औषधे बनतात आणि त्या मागणीपायी सह्याद्रीत त्याची अवैध तोड झाली आहे. आमचा नकाशा तोडणाऱ्यांचा वाटाड्या ठरला असता! आयनॅचरलिस्ट या जागतिक नोंदसंग्रहात संकटग्रस्त जातींचे स्थान ०.२ अंशांच्या चौकोनात, म्हणजे आपल्याकडे सुमारे २१-२२ किलोमीटर बाजूच्या क्षेत्रात, झाकले जाते. आम्हीही तोच मार्ग पत्करला. केवळ पडद्यावरील खूण पुसून भागत नाही. मूळ माहिती वाचकाच्या संगणकात उतरलेली असल्यास जाणकार ती सहज काढून घेतो. म्हणून स्थान नकाशावर चढविण्यापूर्वीच ढोबळ करावयास हवे.

आघाडा, माका, निर्गुंडी यांची जागा खुशाल दाखवावी; दुर्मिळ द्रव्याची मात्र झाकावी. वनौषधी ओळखण्यासाठी गुराखी व वनवासी यांचे साहाय्य घेण्याची आपली परंपरा आहे. त्यांनी विश्वासाने दाखविलेले झाड आपल्या नोंदीमुळे नष्ट होऊ नये, एवढी दक्षता वैद्यबंधुभगिनींनी अवश्य घ्यावी.