सर्व्हर डाऊन नाही, टेबल लॉक झालंय! डेटाबेसमधलं हे कुलूप अडकतं कशामुळे आणि सोडवायचं कसं?

फॉर्म भरला, ‘सबमिट’ दाबलं आणि स्क्रीनवर नुसतं गोल गोल फिरतंय. आपण लगेच म्हणतो, सर्व्हर डाऊन झाला. पण कधी कधी सर्व्हर ठणठणीत असतो, आत फक्त एक टेबल लॉक होऊन बसलेलं असतं.

आता हे लॉक म्हणजे काय?

बँक असो की तिकीट बुकिंग, माहिती साठवली जाते ती टेबलांमध्ये, म्हणजे रकान्यांच्या तक्त्यांमध्ये. बसमध्ये एकच सीट उरलीये आणि दोघांनी एकाच क्षणी बुक केली तर? डेटाबेस पहिल्याचं काम होईपर्यंत ती नोंद कुलूपबंद करतो आणि दुसऱ्याला थांबवतो. म्हणजे लॉक हा बिघाड नाही. त्याच्यामुळेच एक सीट दोघांना विकली जात नाही. एरवी हे कुलूप डोळ्याची पापणी लवायच्या आत उघडतं.

मग ते अडकतं कशामुळे?

डेटाबेसमधल्या कामाला ट्रान्झॅक्शन म्हणतात. ‘कमिट’ केलं की ते पक्कं होतं, ‘रोलबॅक’ केलं की रद्द. या दोन्हीपैकी एक होईपर्यंत टेबलावरचं लॉक सुटत नाही.

समजा, एका कर्मचाऱ्याने ट्रान्झॅक्शन सुरू केलं, टेबलातली माहिती पाहिली आणि कमिट न करताच तो जेवायला गेला. त्याचं लॉक हलकं असतं, त्यामुळे इतरांचं काम सुरूच राहतं. तेवढ्यात दुसऱ्याने त्याच टेबलात नवा रकाना जोडायची आज्ञा दिली. त्यासाठी अख्खं टेबल मोकळं लागतं, म्हणून ती आज्ञा थांबते. आणि तिच्यामागे येणारे सगळे थांबतात, अगदी नुसतं वाचायला आलेलेही!

ही रांग किती वेळ थांबेल? मायएसक्यूएलमध्ये एखाद्या नोंदीच्या लॉकसाठी थांबायची मूळ मर्यादा ५० सेकंद आहे. पण टेबलाच्या रचनेशी संबंधित लॉकसाठी ती ३,१५,३६,००० सेकंद आहे. म्हणजे तब्बल एक वर्ष! पोस्टग्रेसमध्ये तर मूळ सेटिंगनुसार मर्यादाच नाही.

मग सोडवायचं कसं?

पहिलं काम म्हणजे रांगेच्या तोंडाशी कोण आहे ते शोधणं. मायएसक्यूएलमध्ये ‘शो प्रोसेसलिस्ट’ ही आज्ञा दिली की ताटकळलेल्यांसमोर ‘वेटिंग फॉर टेबल मेटाडेटा लॉक’ असं दिसतं. गुन्हेगार मात्र बऱ्याचदा ‘स्लीप’ अशा निष्पाप शब्दामागे लपलेला असतो. पोस्टग्रेसमध्ये त्याची खूण म्हणजे ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’. तिथलं ‘पीजी_ब्लॉकिंग_पिड्स’ हे फंक्शन कुणी कुणाला अडवलंय ते थेट सांगतं.

दुसरं, फक्त तेच एक कनेक्शन बंद करा. त्याआधी ते कुणाचं आहे हे विचारून घ्या, कारण त्यातलं अर्धवट काम रद्द होणार आहे. काम मोठं असेल तर ते मागे घ्यायलाही वेळ लागतो, तेव्हा धीर धरा.

आता तुम्ही म्हणाल, सरळ रीस्टार्ट का मारू नये? एक तर त्यात इतरांचं चालू कामही रद्द होतं. दुसरं म्हणजे काही लॉक रीस्टार्टनंतरही जिवंत राहतात! दोन डेटाबेसमध्ये एकत्र होणारे व्यवहार आधी ‘प्रिपेअर्ड’ अवस्थेत ठेवले जातात आणि ही अवस्था डिस्कवर जपलेली असते. पोस्टग्रेसमध्ये ते ‘पीजी_प्रिपेअर्ड_एक्सॅक्ट्स’मध्ये, तर मायएसक्यूएलमध्ये ‘एक्सए रिकव्हर’ने दिसतात. त्यांना हाताने कमिट किंवा रोलबॅक करावं लागतं.

पुन्हा असं होऊ नये म्हणून?

टेबलाची रचना बदलण्याआधी लॉकसाठी थांबायची मर्यादा काही सेकंदांवर आणा. लॉक मिळालं नाही तर आज्ञा आपोआप रद्द होईल आणि मागे रांग लागणार नाही. पोस्टग्रेसमध्ये रिकामं बसलेलं ट्रान्झॅक्शन ठरावीक वेळाने बंद करायची सोयही आहे, पण ती मुळात बंद असते, चालू करावी लागते. आणि ग्राहकाच्या ओटीपीची वाट पाहत ट्रान्झॅक्शन कधीही उघडं ठेवू नका. त्याचा फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला असेल, तर तोवर बाकीचे सगळे ताटकळतील.